एवढंच तर

घोडबंदर रोडवर आमच्या सोसायटीचं गेट
चुकीच्या बाजूला उघडतं.
म्हणजे गेट बरोबर आहे,
रस्ताच नको तिकडे जातो, असं मी म्हणायचो.
वागळे इस्टेटला निघायचं तर यू-टर्न पुढे दीड किलोमीटरवर,
आणि पत्र्यांना खेटून उलटं गेलं
तर मधला कट नव्वद पावलांवर.
नव्वदच. मी मोजलीयत,
एका रविवारी, चालत.

कटाशी मेट्रोचा खांब, दोनशे चौदा नंबरचा.
तिथं मंजुळा पागी उभी असते.
येऊरच्या पाड्यावरून येते.
पोपटी जाकीट मापापेक्षा दोन नंबर मोठं,
गळ्यात निळ्या नाडीला शिट्टी,
एका हातात हिरवं निशाण, एका हातात लाल.
वर स्टेशनच्या छपराचं काम,
तिला नेमलंय ते क्रेनसाठी:
काही पडलंच
तर खाली कुणी नसावं.
आमचं काही तिच्या कामात धरलेलं नाही.
तरी मला बघून ती लाल वर करायची
आणि मी अंगठा दाखवायचो,
मावशी, एवढंच तर.

चाचणीची गाडी वरून जाते,
सगळे दिवे लावून, रिकामी.
सोसायटीच्या मीटिंगला खारकर म्हणाले,
खरं तर ही खालूनच धावायला हवी होती,
रस्त्यातून, ट्रामसारखी,
पायरी उतरलं की भाजीवाला.
कोण तरी म्हणालं, आपल्याकडे?
रुळावर पहिली स्कूटर आपल्याच बिल्डिंगची दिसेल.
सगळे हसले.
सगळ्यात मोठ्यानं मी.

मंगळवारी घाई होती.
कसली, ते आता आठवत नाही.
समोरून डंपर आला, मी खांबाकडे दाबली,
आरशाला काहीतरी अडकलं, ओढ बसली,
हँडल सांभाळला.
मागे शिट्टी वाजली, लांब,
आणि मधेच तुटली.
मागे वळून बघायला तिथं जागा नव्हती
असं मी स्वतःला पासपोर्ट ऑफिसपर्यंत सांगत गेलो.
पार्किंगमध्ये पाहिलं:
आरशाला गुंडाळलेलं लाल कापड
आणि अर्धी काठी.
मुठीच्या जागी लाकूड घामानं काळं पडलेलं.

रात्री पडद्याचा जुना दांडा कापून बसवला.
बायकोनं विचारलं, शाळेचं काही आहे का?
हो म्हणालो.

सकाळी गेटातूनच दिसली.
मी हेल्मेट घालताना तिनं उजवा हात वर केला,
नुसता हात,
मनगटाला पट्टी, आणि पाच बोटं.

यू-टर्नवरून गेलो.
चार मिनिटं लागली, एक सिग्नल धरून.
चार मिनिटं.
दोन वर्षं मी ती वाचवत होतो
आणि आता कुठं ठेवलीयत म्हणून शोधायला गेलं
तर एकही सापडत नाही.

निशाण दिलं.
तिनं उलटसुलट करून पाहिलं,
कंत्राटदारानं एकशेवीस कापले,
हे मला नाही, त्या कापडाला सांगितलं.
मी पाकीट काढलं, तिनं मान फिरवली.
मग उगाच काहीतरी बोलायचं म्हणून
खांबावरचे ओरखडे बघत राहिलो.
कमरेच्या उंचीवर सगळे:
पिवळा शाळेच्या बसचा,
चंदेरी एका नव्या गाडीचा, बॉनेटवर हार होता म्हणाली,
आणि एक निळा,
लांब, शेवटी खाली वळलेला.
हा कुणाचा?
तिनं शिट्टी दातांत धरली,
वाजवली नाही.
थोड्या वेळानं म्हणाली,
इथं थांबू नका, वर काम चालूय.

तेवढ्यात पत्र्याच्या कडेनं एक जण उलटा आला,
पुढ्यात पोर उभं, पोराच्या हातात डबा.
आम्हा दोघांना अंगठा दाखवला त्यानं,
हसून,
आपल्याच माणसाला दाखवावा तसा.

पडद्याचा दांडा जरा आखूड पडला होता.
लाल वर गेलं,
रोजच्यापेक्षा वीतभर खाली.